बनातीचे पैसे

स्मरणिकेच्या संपादकांनी सांगलीतल्या आमच्या बिलियर्ड्स संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी कार्यालयातली दोन्ही कपाटे उघडली. डावीकडच्या कपाटात चषक, ढाली आणि स्पर्धांचे फोटो आहेत. त्यांच्यावर इतर सभासद लिहीत आहेत. उजवीकडच्या कपाटात १९६४ पासूनच्या रोजकीर्दी आणि खतावण्या आहेत. त्यांतल्या काही २०१९ च्या पुरात भिजून विटेसारख्या घट्ट झाल्या, बाकीच्या अजून वाचता येतात. मी या संस्थेचा बरीच वर्षे खजिनदार होतो, तेव्हा हा इतिहास मी उजवीकडच्या कपाटातून सांगणार आहे. देणगीदारांची आणि पदाधिकाऱ्यांची यादी शेवटच्या पानांवर आहेच. इथे मी संस्थेतल्या कोणाचेही नाव घेतलेले नाही, कारण एक घेतले की दहा राहून जातील आणि राहिलेल्यांचे देणे जास्त आहे.

खतावण्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. टेबलाच्या फीतून टेबलाचे कापड कधीही सुटलेले नाही. साठ वर्षांत एकाही वर्षी नाही. कापडाचे पैसे दर वेळी कोणीतरी वेगळ्याने भरले.

न खेळणाऱ्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. बिलियर्ड्सचे पूर्ण मापाचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाचे पाच जाड तुकडे एकाशेजारी एक बसवलेले असतात आणि सगळ्याचे मिळून वजन टनाच्या वर जाते. दगड टिकतो. खर्च असतो तो वरच्या बनातीचा. ही लोकरीची बनात वर्षानुवर्षे इंग्लंडहून येत आली आहे. तिला एका दिशेची लव असते, आणि त्या लवेच्या दिशेनेच रोज ब्रश आणि ठरावीक दिवसांनी इस्त्री फिरवावी लागते. दहा माणसांनी रोज खेळले तर वर्ष-दीड वर्षात बनात विरते, चेंडू ठेवायच्या खुणांपाशी खळगे पडतात, आणि नवशिक्याच्या एका चुकीच्या फटक्याने ती एका क्षणात फाटते. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात ती दमट होऊन जड पडते. शिवाय काठीच्या टोकाच्या चामडी टिपा, चॉक, कडेचे रबर, चेंडू, दिवे, गुण मोजणाऱ्या मार्करचा पगार आणि जागेचे भाडे. टेबल रिकामे असले तरी यातला बहुतेक खर्च चालूच राहतो.

संस्थेच्या जन्मामागे विल्सन जोन्स होते. पुण्यात जन्मलेल्या या खेळाडूने १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते दुसऱ्यांदा जिंकले आणि सांगलीतल्या काही मंडळींना वाटले की आपल्या गावात एक टेबल असायला हवे. या मंडळींत दोन वकील होते, एक डॉक्टर, हळदीचे अडते आणि विलिंग्डन कॉलेजातले एक प्राध्यापक. नवे टेबल घेण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. पण १९४८ साली संस्थाने विलीन झाल्यापासून या भागातल्या कितीतरी वाड्यांतली बिलियर्ड्सची टेबले धूळ खात पडली होती. त्यांतले एक विकत मिळाले. ते सुटे करून बैलगाड्यांतून आणले. एकेका पाटीला सहा हमाल लागल्याची नोंद पहिल्याच रोजकीर्दीत आहे, मजुरीसकट.

जागा मिळाली ती हरभट रोडपासून पाच मिनिटांवरच्या एका जुन्या वाड्यात. वाड्याचे मालक स्वतः खेळणारे. त्यांनी माडीवरची मोठी, हवेशीर खोली देऊ केली होती. गवंड्याने तुळया ठोकून पाहिल्या आणि एवढे वजन हा लाकडी माळा पेलणार नाही असे सांगितले. म्हणून टेबल तळमजल्यावर बसले. त्या दिवशी हा निर्णय अगदी साधा वाटला असेल. त्याची किंमत आम्ही पंचावन्न वर्षांनी मोजली.

पहिला फटका मात्र दोन वर्षांतच बसला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवसापर्यंत १३ रुपये ३३ पैशांना पडणारा पौंड २१ रुपयांना पडू लागला. जुन्या टेबलाबरोबर आलेली बनात तोवर जाळीसारखी झाली होती आणि नव्या कापडासाठी जमवलेली रक्कम एका रात्रीत अपुरी पडली. कमिटीने कापड पुढच्या वर्षावर ढकलले. मधल्या काळात मार्करने फाटलेल्या जागी आतून ठिगळे लावून टेबल चालू ठेवले. अर्ध्या तासाची फी तेव्हा पंचवीस पैसे होती. ती पन्नास पैसे करावी असा ठराव आला आणि नामंजूर झाला. इतिवृत्तात कारण दिले आहे: फी वाढवली तर खेळायला फक्त आपणच उरू. मी खजिनदार असताना हे वाक्य मला अनेकदा अडचणीत टाकत असे. आज ते मला या संस्थेने केलेल्या सगळ्यांत शहाण्या कामांपैकी एक वाटते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वाडा उभा राहिला, पण टेबलाची पातळी गेली. चेंडू ठेवला की आपोआप एका कोपऱ्याकडे सरके. पातळी लावणारा फिटर मुंबईहून आणायचा तर त्याचे रेल्वेचे भाडे, मुक्काम आणि मजुरी मिळून चार महिन्यांचे उत्पन्न गेले असते. मग एका सभासदाने पाटबंधारे खात्यातल्या ओव्हरसियर मित्राला त्याच्या स्पिरिट लेव्हलसह बोलावले. पाट्यांखाली पाचर म्हणून घालायला सारख्या जाडीचे काहीतरी हवे होते, म्हणून पत्त्यांच्या खोलीतले दोन जुने कॅट वापरले आणि सांधे मेणाने भरले. पुढे बऱ्याच वर्षांनी टेबल उघडले, तेव्हा त्यांतल्या चौकटच्या राणीला बघायला सगळे जमले होते.

पत्त्यांच्या खोलीचा उल्लेख आला आहे तर तिच्याविषयी स्पष्टच लिहितो. माडीवरची जी खोली टेबलाला चालली नाही, तिथे संस्थेने रमीची चार टेबले टाकली. त्या खोलीची फी पहिल्या पंचवीस वर्षांत बिलियर्ड्सच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे राहिली. मार्करचा पगार, विजेचे बिल आणि निम्म्याहून अधिक बनाती रमीवाल्यांनी भरल्या. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात काठी हातात धरली नाही. तरी गावात संस्थेची ओळख ‘तिथे जुगार चालतो’ अशी झाली ती या खोलीमुळेच. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले, तेव्हा त्या निकालाचे कात्रण चौकटीत घालून जिन्यात लावले गेले. पैसे लावून खेळायला मनाई होती, ती पाळलीही गेली. पण मुलींचे वडील आणि मुलांच्या आया कात्रणे वाचून मत बदलत नाहीत. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागे. ज्यांच्या पैशावर खेळ चालला, त्यांनाच खेळाच्या बदनामीचे कारण ठरवले गेले, याची बोच मला आजही आहे. म्हणून त्या खोलीचे ऋण इथे छापून ठेवतो.

दुसरे ऋण मार्करमामांचे. ते पहिल्या दिवसापासून होते आणि चौतीस वर्षे राहिले. गुण मोजणे हे त्यांचे नावाचे काम. प्रत्यक्षात टेबल जगवले त्यांनी. लोखंडी इस्त्री शेगडीवर तापवून ते आधी वर्तमानपत्राच्या कागदावर फिरवत. कागद पिवळा पडला तर थांबत, नाहीतर खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत एका दमात नेत, उलट कधीही नाही. परदेशी टिपा मिळेनात तेव्हा त्यांनी कोल्हापूरच्या चामड्याच्या चकत्या कापून घेतल्या. त्या कडक पडत, चॉक धरत नसत, तरी खेळ बंद पडला नाही. वाकलेल्या काठ्या ते मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे नेत आणि त्या सरळ होऊन येत. मजुरीऐवजी तो कारागीर उतरवलेली जुनी बनात मागून घेई, गवसणीच्या अस्तरासाठी. म्हणजे आपल्या टेबलावरच्या जुन्या कापडात मिरजेचे काही तंबोरे अजून झोपत असतील.

१९७२ च्या दुष्काळात बाजार थंडावला आणि वर्गण्या थकल्या. त्या वर्षाच्या खतावणीत मामांच्या नावावर सलग पाच महिने ‘देणे बाकी’ आहे. ती बाकी पुढच्या वर्षी हप्त्याने फिटली. त्यांनी मागितल्याची नोंद कुठेच नाही. ते निवृत्त झाले तेव्हा लहान संस्था म्हणून ग्रॅच्युइटी देण्याचे कायदेशीर बंधन आमच्यावर नव्हते. आम्ही थैली जमवून दिली. ती रक्कम त्यांच्या चौतीस वर्षांपुढे फार लहान होती. तेव्हा मी कमिटीवर होतो आणि अधिक करता आले असते. हे लिहिल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही.

ऐंशीच्या दशकात थोडे बरे दिवस आले. त्याला कारण स्नूकर. खेळ तसा आपल्याच देशात जन्मलेला, १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत. पण सांगलीत त्याचे वेड आले ते १९८४ साली ओम अगरवाल यांनी डब्लिनमध्ये जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकल्यावर. बिलियर्ड्सला दोघे लागतात, स्नूकर चौघांना जोडीने खेळता येतो. फी माणशी होती, त्यामुळे त्याच टेबलाचे, त्याच दिव्याखालचे उत्पन्न वाढले. बावीस चेंडूंचा बेल्जियन संच मात्र सोडवून आणायला कस्टम ड्यूटीसकट एवढे पैसे लागले की तो संच रात्री बँकेतल्या एका सभासदाच्या घरी, कपाटात कुलपाखाली राहत असे. याच काळात आजीव सभासदत्वाची योजना निघाली. एकरकमी ठेवी घ्यायच्या, त्या गुंतवायच्या आणि व्याजातून कापडाचा निधी उभा करायचा. त्या दिवसांत ठेवींवर चांगले व्याज मिळे. कागदावर गणित पक्के होते, आणि काही वर्षे प्रत्यक्षातही पक्के राहिले.

ते मोडले तीन बाजूंनी. व्याजदर उतरत गेले. अधिक व्याजासाठी ठेवींचा मोठा भाग ज्या पतसंस्थेत हलवला होता, ती अडचणीत आली आणि पैसे अडकले. अजूनही पूर्ण सुटलेले नाहीत. त्या ठरावावर माझी सही आहे. आणि तिसरी बाजू म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहरात उघडलेले खासगी पूल पार्लर. लहान टेबले, मोठा आवाज, थंड हवा. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत क्यूचे, म्हणजे काठीचे, खेळ पहिल्यांदा आले आणि बिलियर्ड्समध्ये अशोक शांडिल्य आणि गीत सेठी यांनी सुवर्ण आणले. ते टीव्हीवर पाहून खेळायला आलेली मुले पार्लरकडे वळली. आम्हीही मग कर्ज काढून आठ फुटी पूल टेबल घेतले. ज्येष्ठ सभासदांना ते आवडले नाही. पण त्या एका टेबलाने चार वर्षे दोन्ही टेबलांची बनात जवळजवळ सोडवत आणली. जवळजवळच. पार्लर एकामागून एक बंद झाली. भाडे, व्यापारी दराची वीज आणि कर यांतून त्यांचाही मेळ बसत नव्हता, आणि त्यांच्या मागे ना रमीची खोली होती ना मामा. त्यांचे बंद होणे आम्हाला फायद्याचे होते, तरी मला त्यात आनंद वाटला नाही. काठी धरणारा प्रत्येक मुलगा कुठेतरी शिकलेलाच असतो.

२००५ नंतरच्या भारनियमनाने संध्याकाळचे तास खाल्ले. टेबलावरचे दिवे इन्व्हर्टरवर जेमतेम तासभर चालत. अर्ध्यात गेलेल्या डावाची फी घ्यायची की नाही यावर कमिटीच्या तीन सभा झाल्या. शेवटी घेऊ नये असे ठरले.

वाड्याचे भाडे हा आमचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी बोलला गेलेला आधार. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गोठलेले हे भाडे तीस-पस्तीस वर्षे जवळपास जागचे हलले नाही. २००० सालापासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तेवढीच मालकांनी घेतली. मूळ मालक गेले, मुले पुण्यात स्थायिक झाली, बिल्डर येऊन जागा पाहून गेले. वडिलांची काठी भिंतीवरच्या खणात आहे तोवर आपण बोलणार नाही, असे थोरल्या चिरंजीवांनी कळवले. बाजारभावाने भाडे द्यावे लागले असते तर ही स्मरणिका निघालीच नसती.

आता २०१९. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ चे पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेले होते, म्हणून आम्ही गाफील राहिलो. या वेळी हॉलमध्ये कमरेच्या वर पाणी होते आणि ते काही दिवस हलले नाही. दार उघडले तेव्हा टेबलावर बोटभर गाळ बसला होता. महोगनीचे पाय आणि चौकट फुगून फाटली होती, कडेचे रबर सुटून लोंबत होते, बनात कुजली होती. पूल टेबल तर उलटेच पडले होते. आम्ही गाळ खरवडला, पाण्याने धुतला, आणि खालून पाटी निघाली. पाचही तुकडे शाबूत, एकालाही तडा नाही. त्या वेळी तिथे उभे असलेले आमच्यातले काही जण रडले. त्यांत मी होतो.

विम्याचे पैसे मिळतील अशी आशा होती. पण विमा ताळेबंदातल्या किमतीवर उतरवला होता, आणि दरवर्षी घसारा काढत काढत ताळेबंदात ते टेबल काही रुपयांवर आले होते. हिशेब तपासनिसांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. नवे टेबल घ्यायचे तर लाखांची गोष्ट, आणि भरपाईतून दोन डझन चॉकसुद्धा आले नसते. माझ्यानंतरच्या खजिनदारांना माझी विनंती आहे: घसारा जरूर काढा, पण विमा बदलीच्या किमतीवर उतरवा.

पाच महिने टेबल उभारण्यात गेले. सागवानाची चौकट सांगलीतच एका सुताराने केली. त्याने मजुरी घेतली नाही, कारण तो विद्यार्थी असताना इथे अर्ध्या फीत खेळला होता. ती सवलत फीवाढ नाकारणाऱ्या १९६६ च्या त्याच इतिवृत्ताच्या पुढच्या पानावर मंजूर झालेली आहे. परदेशांत असलेल्या जुन्या विद्यार्थी-सभासदांनी बनातीचे आणि रबराचे पैसे पाठवले. फेब्रुवारी २०२० मध्ये हॉल उघडला. मार्चच्या शेवटी देशभर टाळेबंदी लागली.

बंद हॉलमध्ये, नव्या कोऱ्या बनातीवर, सांगलीचा पावसाळा. सध्याचे मार्कर परवानगी काढून आठवड्यातून दोनदा जात, दारे उघडत, ब्रश मारत आणि टेबलाखाली साठ वॅटचे दोन दिवे लावून ठेवत. बुरशी धरली नाही. त्या काळात उत्पन्न शून्य होते आणि पगार थांबवायचा नाही असे सभासदांनी फोनवरच ठरवले. प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे बिनव्याजी ठेव दिली. १९७२ ची पाच महिन्यांची बाकी मी तेव्हा फोनवर वाचून दाखवली होती.

जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा चढली. या वेळी तयारी होती. पाट्या माडीवर नेता येत नाहीत, पण बाकी सगळे नेता येते. पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेल्याचे कळले की काम सुरू करायचे असे आधीच ठरले होते: पहिल्यांदा कडेच्या सहा पट्ट्या सोडवायच्या, मग खिळे उपटून बनात लवेच्या बाजूने गुंडाळायची, मग चौकटीच्या जोडण्या सैल करायच्या. रात्री अकराला सुरू केलेले काम पहाटे संपले. पाणी आत आले आणि चार दिवसांनी गेले. पाट्या धुतल्या, वाळवल्या, पातळी लावली. त्या वर्षी पाचरीला पत्ते वापरले नाहीत. रमीची खोली कधीच बंद झाली आहे आणि कॅट शिल्लक नव्हते.

हॉलच्या दाराआड आता एक फळा टांगला आहे. त्यावर सहा पट्ट्यांपुढे प्रत्येकी दोन अशी बारा नावे असतात आणि दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी ती पुसून नव्याने लिहितात. यंदा चौथ्या पट्टीपुढे अकरावीतल्या दोन मुलींची नावे आहेत. दोघी अर्ध्या फीत खेळतात.